टाच मोकळी, टाच घट्ट!

दोस्तांनो, एक कोडं घालू? पायात दोन लांबलचक, गुळगुळीत फळ्या. समोर बर्फाचा उभा चढ. ना दोर, ना पाळणा, ना गाडी. फळ्या पायातून काढायच्या नाहीत आणि डोंगर चढायचा. जमेल?

“छे! घसरून खालीच येणार!” असंच म्हणालात ना?

पण जमतं! माणसं त्या फळ्या घालून तासन्‌तास डोंगर चढतात. आणि वर पोचली की त्याच फळ्यांवरून सुसाट खाली येतात!

या फळ्या म्हणजे स्की. पण खरी कमाल स्कीची नाहीच. बूट आणि स्की यांना जोडणारं एक छोटंसं यंत्र असतं. त्याचं नाव बाइंडिंग. सगळी गंमत त्याच्या पोटात दडलेली आहे!

आता तुम्ही म्हणाल, आपल्या सातारा-सांगलीत बर्फ असतो तो गोळ्याच्या गाडीवर. आपला काय संबंध?

आहे ना संबंध! साताऱ्याची प्रियांका मोहिते माहीत आहे? २०१३ साली ती एव्हरेस्टवर पोचली आणि २०२१ साली अन्नपूर्णा शिखरावर! असे गिर्यारोहक बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दात, बांधतात. चालत वर जायचं आणि चालतच खाली यायचं. दात बर्फात रुततात, पाय घसरत नाही. स्कीवाले मात्र मुद्दाम घसरतच खाली येतात!

आणि साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी? या गावात घरोघरी फौजी! अशा गावांतले किती तरी काका-मामा हिमालयात पहारा देतात. बर्फात झटपट वर-खाली करायला सैनिकांना स्की चालवायला शिकावं लागतं. त्यासाठी मेजर जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने १९४८ साली काश्मीरमध्ये गुलमर्गला स्कीची शाळा निघाली. आज ती हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून ओळखली जाते. विचार करा, शाळा, आणि तास कसला? तर बर्फावरून घसरण्याचा!

बरं, आता एक प्रयोग. आत्ता, घरातल्या घरात! पायात साधी चप्पल घाला आणि चाला. नजर टाचेवर ठेवा हं. दिसलं? प्रत्येक पावलाला टाच वर उठते. चप्पल फक्त पुढे अंगठ्यापाशी धरलेली. टाच मोकळी. म्हणून चालणं सोपं!

आता शाळेचे बूट घाला. नाड्या घट्ट बांधा. झटकन वळा, उडी मारा, थांबा. बूट पायाला चिकटून बसतो. पाय वळेल तसा बूट वळतो!

स्कीवाल्याला नेमकं हेच हवं असतं. चढताना चप्पल आणि उतरताना बूट! चढताना टाच बांधलेली असेल तर पाऊल पडणारच नाही. उतरताना टाच मोकळी असेल तर स्की भलतीकडेच पळेल. आणि डोंगराच्या टोकावर बाइंडिंग बदलायला दुकान थोडंच आहे? म्हणजे एकाच यंत्राने दोन्ही कामं करायची!

थांबा, पण चढताना स्की मागे का घसरत नाही?

ओळखा पाहू!

केस! हो, चक्क केस! स्कीच्या तळाला एक लांब केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. आता अंगोरा बकरीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. बकरीच्या पाठीवरून हात फिरवलाय कधी? डोक्याकडून शेपटीकडे नेला तर मऊ मऊ. उलटा नेला तर केस उभे राहतात, हात अडतो. पट्टीचंही तसंच! केस मागच्या बाजूला वळलेले. स्की पुढे सरकते, पण मागे जायला लागली की केस बर्फात रुततात. खल्लास! जागच्या जागी.

आणखी एक युक्ती ऐका. अजिंक्यताऱ्याचा किंवा दंडोबाचा चढ चढताना पोटऱ्या कशा भरून येतात! बाइंडिंगमध्ये टाचेखाली एक छोटी पट्टी असते. हातातल्या काठीच्या टोकाने ती उभी करायची. मग टाच खाली जातच नाही, त्या पट्टीवरच टेकते. डोंगर तिरका, पण पाऊल सपाट! जणू प्रत्येक पावलाला एक पायरी मिळते.

पूर्वी टाच मोकळी-घट्ट करायच्या कामाला एक जडच्या जड चौकट असायची. तिच्यात अख्खा बूट बसवायचा. पाऊल उचललं की टाचेबरोबर चौकटही वर! एका पायाला एक किलोपेक्षा जास्त वजन. “एक किलो म्हणजे काय मोठंसं?” असं म्हणू नका. समजा, एका पायाने चार हजार पावलं टाकली. एक किलो चार हजार वेळा उचललं. बेरीज करा. चार हजार किलो! कारखान्यातून निघालेली साखरेची पन्नास-पन्नास किलोंची ८० पोती! आणि हा हिशोब एकाच पायाचा!

ऑस्ट्रियातल्या फ्रिट्झ बार्थेलला हे वजन नकोसं झालं. जड सामान घेऊन तो युरोपातल्या माँ ब्लाँ या उंच पर्वतावर गेला होता. परत आल्यावर त्याने ठरवलं, हे हलकं झालंच पाहिजे! १९८०च्या दशकात त्याने काय केलं माहीत आहे? चौकटच काढून टाकली!

मग बूट धरला कशाने? चार बारक्या पोलादी टोकांनी! बुटाच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना दोन छोटे खळगे. बाइंडिंगची दोन टोकं चिमट्यासारखी त्यांत बसतात. बूट त्या टोकांवर बिजागरीसारखा वर-खाली होतो. टाचेलाही दोन टोकं. चढताना ती बाजूला फिरवून ठेवायची आणि उतरताना बुटाकडे वळवायची. पाय दाबला की खट्ट! टाच बंद.

एवढा मोठा माणूस, एवढा मोठा डोंगर, एवढा वेग. आणि प्रत्येक पायाला धरायला फक्त चार टोकं! मला तर हे वाचताना प्रत्येक वेळी नवल वाटतं. शर्यतीच्या खेळाडूंची अशी बाइंडिंग एका पायाला दीडशे ग्रॅमच्याही आत असतात!

मात्र बाइंडिंगचं सगळ्यात अवघड काम धरून ठेवणं नाही बरं का. सगळ्यात अवघड काम आहे सोडणं!

सायकलच्या दुकानात काका घट्ट नट कसा सोडवतात? लांब पान्याने! दांडा लांब, तेवढा पीळ जास्त. आता स्कीचा विचार करा. माणूस पडला, स्की बर्फात अडकली आणि अंग फिरलं. ती लांब स्की पान्याच्या दांड्यासारखी नडगीचं हाड पिळते! म्हणून ठरावीक जोरापेक्षा जास्त पीळ पडला की बाइंडिंगने बूट सोडून द्यायचा.

ही कल्पना कुणाला सुचली? नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या यालमार व्हाम या स्कीपटूला. १९३७ साली त्याचा पाय मोडला. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याने कागदावर चित्र काढलं, आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगचं!

पण किती जोराला सोडायचं? लवकर सुटलं तर चांगला चाललेला माणूस उगाच पडेल. उशिरा सुटलं तर हाड मोडेल. म्हणून बाइंडिंगवर आकडे असतात. तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कितपत तरबेज आहात, हे सगळं पाहून जाणकार माणूस स्क्रू फिरवतो. तुमचा आकडा छोटा, बाबांचा मोठा!

आणि सुटलेली स्की? ती एकटीच दरीत पळाली तर? त्याचीही सोय आहे! बूट निघाला की बऱ्याच बाइंडिंगमधून दोन छोटे पाय पटकन खाली येतात आणि बर्फात रुततात. स्कीला आपोआप ब्रेक!

टोकांच्या बाइंडिंगमध्ये एक धोका मात्र आहे. चढताना पुढची टोकं निसटू नयेत म्हणून एक खटका ओढून ती पक्की करतात. शिखरावर तो खटका उघडायला विसरलं, तर पडल्यावर बूट नीट सुटत नाही! म्हणून वर पोचल्यावर घाई करायची नाही. केसाळ पट्टी काढायची. टाचेची टोकं वळवायची. बूट घट्ट करायचा. खटका तपासायचा. मगच निघायचं!

आणि हेच सगळं काही सेकंदांत करणारे लोकही आहेत! स्की माउंटेनियरिंग नावाचा खेळच आहे. २०२१ साली ऑलिंपिक समितीने इटलीतल्या २०२६च्या हिवाळी स्पर्धेसाठी त्याची पहिल्यांदाच निवड केली. त्यातली छोटी शर्यत साधारण तीन मिनिटांची. चढायचं, स्की पाठीला लावून पळायचं, पुन्हा चढायचं, पट्ट्या फर्रकन ओढायच्या आणि सुसाट खाली!

हलकं केलं तर सुरक्षित कसं ठेवायचं? सुरक्षित केलं तर हलकं कसं राहील? ही ओढाताण अजून चालूच आहे. २०१८ साली एक नवा प्रकार आला. त्यात चढताना बारकी टोकं काम करतात आणि उतरताना फक्त उतरायच्या स्कीवर असतो तसा भक्कम जबडा बूट पकडतो. वजन एका पायाला ९०० ग्रॅमच्या आत. मला तो फार आवडला. पण चढताना दीडशे ग्रॅमवाला पुढे जाणार, हेही खरंच!

तर दोस्तांनो, आता तुमची पाळी! वहीचं एक पान घ्या आणि तुमचं स्वतःचं बाइंडिंग काढा. अटी तीनच. चढताना टाच मोकळी, उतरताना टाच घट्ट आणि पडल्यावर बूट सुटला पाहिजे. बाण काढून कुठला भाग काय करतो तेही लिहा. चित्र आमच्या पत्त्यावर नक्की पाठवा!