यवतमाळ जिल्ह्यातील घरभाडे नियंत्रण व निष्कासन कायदे

यवतमाळ जिल्ह्यातील घरभाडे नियंत्रण व निष्कासन कायदे म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींचे भाडे आणि भाडेकरूकडून जागेचा कब्जा परत मिळविण्याची रीत ठरविणारे कायदे होत. ३१ मार्च २००० पूर्वी जिल्ह्यात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. या बदलामुळे भाडेकरूला बाहेर काढण्यापूर्वी महसूल अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेण्याची पद्धत संपली आणि वादाचा निर्णय आरंभापासूनच दिवाणी न्यायालयाकडे आला. शेतजमिनीच्या कुळांना हे कायदे लागू नाहीत. विदर्भातील कुळवहिवाटीसाठी १९५८ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

पार्श्वभूमी

यवतमाळ हा वऱ्हाडातील जिल्हा. वऱ्हाडचा कारभार १९०३ पासून मध्य प्रांताला जोडून चालत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशभर घरांची टंचाई निर्माण झाली आणि भाडी वाढली. त्यावर उपाय म्हणून मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ मध्ये जागा भाड्याने देण्याचे नियमन करणारा अधिनियम केला. त्यातील अधिकारांनुसार १९४९ चा आदेश काढण्यात आला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. राज्य बदलले, तरी घरभाड्याचा जुना कायदा कायम राहिला. परिणामी महाराष्ट्रात सुमारे चार दशके तीन निरनिराळे कायदे चालू होते. मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबईचा भाडे अधिनियम, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा अधिनियम आणि विदर्भात १९४९ चा आदेश लागू होता. पैनगंगा नदी यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर घरमालक व भाडेकरू यांच्या संबंधांना वेगवेगळे कायदे लागू होते.

१९४९ चा आदेश

या आदेशाचा गाभा त्याच्या १३ व्या खंडात होता. घरमालकाला भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. परवानगीसाठी पुढीलपैकी एखादे कारण सिद्ध करणे आवश्यक होते:

• एकूण तीन महिन्यांचे भाडे थकणे किंवा भाडे थकविण्याची सवय असणे
• लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे
• ज्या कामासाठी घर दिले त्याच्याशी विसंगत वापर करणे किंवा उपद्रव देणे
• घरमालकाला स्वतःच्या वापरासाठी घराची खरीखुरी गरज असणे. मात्र त्या शहरात तो स्वतःच्या मालकीच्या दुसऱ्या घरात राहत नसावा
• घर रिकामे केल्याशिवाय आवश्यक दुरुस्ती शक्य नसणे
• भाडेकरूला दुसरी जागा मिळालेली असणे

परवानगी मिळाली म्हणजे कब्जा मिळाला, असे होत नसे. नियंत्रकाच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येई आणि त्यानंतरही प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊ शके. परवानगी कायम राहिल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे नोटीस द्यावी लागे व नंतर दिवाणी न्यायालयात दावा दाखल करावा लागे. एकाच घरासाठी अशा दोन स्वतंत्र लढाया होत. भाडेकरूला यातून भक्कम संरक्षण मिळे. पण ज्या मालकाची गरज खरी होती, त्यालाही दीर्घकाळ थांबावे लागे.

१९८९ मध्ये आदेशात खंड १३-अ घालण्यात आला. प्रलंबित दाव्यातही नियंत्रकाची लेखी परवानगी सादर केल्याशिवाय निष्कासनाचा हुकूमनामा देऊ नये, असे त्यात म्हटले होते. दावा अपिलात प्रलंबित असला तरी ही तरतूद लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिलीप विरुद्ध मोहम्मद अझीझुल हक या प्रकरणात २००० मध्ये दिला.

१९९९ चा अधिनियम

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५८ ने तिन्ही जुने कायदे रद्द केले. आधीपासून प्रलंबित असलेली प्रकरणे मात्र जुन्या कायद्यानुसारच पुढे चालविण्याची तरतूद ठेवण्यात आली. नव्या व्यवस्थेत घरमालक थेट दिवाणी न्यायालयात दावा दाखल करतो. त्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

भाडेकरूचे संरक्षण आता परवानगीच्या टप्प्यावर नसून दाव्याच्या अटींमध्ये आहे. कलम १५ नुसार थकबाकीची लेखी मागणी केल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय त्या कारणासाठी दावा करता येत नाही. दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकीत भाडे, त्यावर १५ टक्के दराने सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरल्यास भाडेकरूला घर राखता येते. मागणीची नोटीस व समन्स यांच्या तारखा त्यामुळे निर्णायक ठरतात.

कलम १६ मध्ये निष्कासनाची इतर कारणे आहेत. त्यांत बेकायदा पोटभाडे, परवानगीविना पक्के बांधकाम, मालकाची वाजवी व खरीखुरी गरज आणि सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे यांचा समावेश होतो. मालकाच्या गरजेचा प्रश्न असेल, तर हुकूमनाम्यामुळे अधिक हालअपेष्टा कोणाला सोसावी लागेल, याची तुलना न्यायालयाला करावी लागते. जागेच्या काही भागापुरताही हुकूमनामा देता येतो. स्वतःच्या वापराचे कारण सांगून कब्जा घेतलेल्या मालकाने एका महिन्यात जागा वापरात न घेतल्यास किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला दिल्यास मूळ भाडेकरू ती परत मागू शकतो. दुसऱ्या बाजूला, मालकाला दरवर्षी भाड्यात ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मिळाला.

लिव्ह अँड लायसन्स

अधिनियमाच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत करावी लागते. ती न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि जागा सोडेपर्यंत लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. येथे कलम १६ मधील कारणे सिद्ध करण्याची गरज नसते. म्हणून राहणारी व्यक्ती भाडेकरू आहे की लायसन्सधारक, यावर तिचे संरक्षण अवलंबून असते.

कलम ५५ नुसार दोन्ही प्रकारचे करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

आदर्श भाडेकरार अधिनियम

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार अधिनियमास मान्यता दिली. त्यात घरासाठीची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली असून वादांसाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण व भाडे न्यायालय सुचविले आहे. हा राज्यांसाठीचा नमुना असल्याने तो कोणत्याही जिल्ह्यात आपोआप लागू होत नाही. त्यासाठी राज्याने स्वतः कायदा करावा लागतो.