मातीची आठवण

हवा साधारण 2 आठवड्यांत आपली मूळ स्थिती विसरते. मग 3-4 आठवड्यांपुढचा अंदाज आपण बांधायचा कशावर? एक आधार मातीतल्या ओलीचा. ती कित्येक आठवडे टिकते. जमीन ओली असली तर उन्हाची बरीच ऊर्जा बाष्पीभवनात जाते. सुकी असली तर तीच हवा तापवते. पण हे सगळीकडे सारखं नाही. वाळवंटात ओलच नसते, बारमाही पावसाच्या प्रदेशात ती कमीच पडत नाही. फरक पडतो तो मधल्या पट्ट्यात. 2004 साली 12 हवामान-प्रारूपांच्या तुलनेत असे ठळक प्रदेश दिसले: अमेरिकेची मध्य मैदानं, साहेल आणि भारत. म्हणून पावसाच्या खंडात दुबार पेरणीचा सल्ला द्यायचा, तर आभाळाबरोबर आपल्याला जमिनीतही बघावं लागतं.