लेकरू कशानं गेलं?

फेब्रुवारी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, फॉक्स चेस भागातल्या एका रस्त्याकडेच्या झुडपांत, पुठ्ठ्याच्या खोक्यात एका लहान मुलाचं प्रेत सापडलं. त्याला कुणी ओळखलं नाही, कुणी न्यायलाही आलं नाही. पोलिसांनी त्याच्या चेहऱ्याची पत्रकं छापून घरोघर पोचवली. तपासाशी संबंध आलेला एक कर्मचारी निवृत्तीनंतरही मरेपर्यंत त्याच्या मागावर राहिला. पुढच्या पिढ्यांतली, पोलीस खात्याशी काडीचा संबंध नसलेली साधी माणसंही जुने कागद चाळत, नकाशे लावत त्या मुलाचं नाव शोधत राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये डीएनए आणि वंशावळीच्या आधारानं पोलिसांनी ते जाहीर केलं: जोसेफ ऑगस्टस झरेली. मधे पासष्ट वर्षं गेली होती.

अनोळखी लेकराचा छडा लावण्याची ही ओढ मला खरी वाटते आणि चांगलीही. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही साध्या माणसांनी मेलेल्या लेकरांचा असाच शोध घेतला. तो गेली जवळपास चाळीस वर्षं चालू आहे. फरक एवढाच की इथलं लेकरू आईला ठाऊक होतं, सुईणीला ठाऊक होतं, शेजारणींनी त्याला मांडीवर घेतलं होतं. ते फक्त सरकारच्या नोंदवहीत नव्हतं. नोंदवहीत नसलेलं मूल जन्मलंच नाही आणि मेलंही नाही, असा सरकारी हिशेब होता.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. एकवीस दिवसांत नोंद करायची; नाव ठेवलेलं नसेल तर ते मागाहूनही घालता येतं. कागदावर अडचण काहीच नाही. पण घरात बाळंत झालेल्या बाईचं बाळ पाचव्या दिवशी गेलं, तर नोंद करायला जाणार कोण आणि कशासाठी? बारसं झालेलं नाही, वारसाहक्काचा प्रश्न नाही, शाळेचा दाखला लागणार नाही. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की ग्रामपंचायतीचं गाव गाठणंही मुश्कील. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मध्य भारतातल्या गोंड समाजात तान्ह्या बाळाला मोहाच्या झाडाखाली पुरण्याची रीत अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. अशा किती लेकरांची माती जंगलाच्या कडेला पडली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. शिवाय मृत्यू कमी दिसले तर वरिष्ठ खूश होणार असतील, तर नोंद न करण्यात खालच्या कर्मचाऱ्याचीही सोयच होती.

चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जंगल, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला तेलंगण, मधे गोंड आणि माडिया वस्त्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दाम्पत्य इथं १९८६ मध्ये आलं. राणीताई चंद्रपूरच्याच. दोघंही नागपूरला वैद्यक शिकलेले आणि सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला घेऊन परतलेले. त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली आणि १९८८ च्या सुमारास १०४ गावांत एक काम हाती घेतलं, जे खरं तर सरकारनं कधीच करायला हवं होतं. त्यांनी जन्मलेली आणि मेलेली मुलं मोजायला सुरुवात केली.

मोजणं म्हणजे काय, हे इथं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथं आहे. गावातलाच, शाळा शिकलेला एक माणूस नेमायचा. गावात कोण गरोदर आहे, कोण बाळंत झाली, कुणाच्या घरी काय झालं, हे त्यानं टिपायचं. दर सहा महिन्यांनी पुन्हा घरोघर पाहणी करायची, म्हणजे सुटलेलं मूल सापडेल. आधीच्या पाहणीत जिच्या पोटात मूल होतं, तिच्या मांडीवर आता मूल नसेल, तर थांबून विचारायचं. गुन्ह्याच्या तपासात लागते तीच चिकाटी इथं लागली. साक्षीदार होत्या फक्त घरच्या बायका आणि गावची सुईण, आणि त्यांच्याशी बोलताना आवाज चढवायचा नव्हता, दोष द्यायचा नव्हता.

उत्तर आलं ते हजारी १२१. जिवंत जन्मलेल्या हजार बाळांपैकी एकशे एकवीस पहिला वाढदिवस पाहत नव्हती.

मग पुढचा प्रश्न: कशानं? डॉक्टरनं तपासलेलं नाही, दाखला नाही, शवविच्छेदनाचा तर प्रश्नच नाही. तिथं उपयोगी पडली ती व्हर्बल ऑटोप्सी, म्हणजे मृत्यूनंतर घरच्यांना विचारून कारण ठरवण्याची रीत. बाळ रडलं होतं का? अंगावर पीत होतं का, आणि ते कधी सोडलं? ताप होता की अंग गार पडलं होतं? धाप लागली होती का, बरगड्यांखाली खड्डा पडत होता का? तारीख आठवत नसेल तर रोवणीच्या आधी की नंतर, मोह वेचण्याच्या दिवसांत की पोळ्याला? ही माहिती डॉक्टरपुढे ठेवायची आणि त्यानं कारण ठरवायचं. या पद्धतीत चुका होतात. दोन आजारांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. तरीही आईनं जवळून पाहिलेलं आणि जन्मभर न विसरलेलं शास्त्राच्या कामी येतं, हे इथं सिद्ध झालं. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. एरवी तिला कुणी काही विचारतच नव्हतं. विचारलंच तर दवाखान्यात का आणलं नाहीस, एवढंच.

आयांच्या उत्तरांतून दिसलं की अर्भकमृत्यूंपैकी सुमारे चाळीस टक्क्यांमागे न्यूमोनिया आहे. तोवर अतिसार, सलाईन, जलसंजीवनी यांवर भर होता. श्वासाच्या आजाराकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. औषध स्वस्त होतं, कोट्रायमोक्साझोल. प्रश्न होता ओळखण्याचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. वर्षाच्या आतल्या मोठ्या बाळासाठी ती सीमा पन्नास. पण गावातल्या सुईणींना दहा-बाराच्या पुढं मोजता येत नव्हतं. त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधं यंत्र तयार झालं. मिनिटभराची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला तर औषध सुरू करायचं. निरक्षर बाई निदान करू लागली.

५८ गावांत हे उपचार दिले, ४६ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: श्वसनाच्या आजारानं होणारे पाच वर्षांखालचे मृत्यू उपचाराच्या गावांत हजारी ८.१ आणि तुलनेच्या गावांत १७.५. हे आकडे वाचताना मला दर वेळी त्या दुसऱ्या ४६ गावांकडे बघावंसं वाटतं. त्यांच्याकडून कुणी काही काढून घेतलं नव्हतं. सरकारी केंद्रांची असेल ती सेवा चालूच होती. शास्त्राला तुलना लागते हेही मान्य. पण जगभरच्या धोरणाला पुरावा मिळाला तो या गावांतल्या लेकरांचे मृत्यू मोजून, आणि त्या गावांची नावं कुठल्याही सत्कारात कुणी घेतली नाहीत. ती घ्यायला हवी होती.

न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर उरलेल्यांत नवजात बाळं अधिक ठळक दिसू लागली. जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस. त्या काळी समजूत अशी होती की एवढ्या लहान जिवाला वाचवायचं तर काचेची पेटी हवी, बालरोगतज्ज्ञ हवा, मोठं रुग्णालय हवं. गडचिरोलीत तर जवळपास सगळी बाळंतपणं घरीच, आणि बाळंतिणीच्या खोलीत परक्याला प्रवेश नाही. धानोरा रस्त्यावर ‘सर्च’चं आवार, शोधग्राम, उभं राहिलं होतं. तिथून ३९ गावांत कामाची आखणी झाली, तुलनेला ४७ गावं. १९९५-९६ या वर्षात आधी नुसतं पाहिलं. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका बाळंतपणाला हजर राहिल्या, नंतर महिनाभर त्या घरी जात राहिल्या, बाळाचं वजन, ताप, श्वास लिहून ठेवत राहिल्या.

७६३ बाळं पाहिली गेली. त्यांतली ४२ टक्के कमी वजनाची. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या महिन्यात असा काही आजार झाला की एरवी डॉक्टरकडे न्यावं. प्रत्यक्षात नेलं गेलं २.६ टक्क्यांना. चाळीस बाळं गेली. प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं गेलं. निम्म्याहून थोडी अधिक जंतुसंसर्गानं, वीस टक्के जन्मताना श्वास कोंडल्यानं, पंधरा टक्के फार अपुऱ्या दिवसांची म्हणून. चाळीस हा आकडा फार छोटा वाटतो. पण त्याआधी त्या मुलुखातल्या बाळाचं जगणं आणि मरणं इतक्या जवळून, दिवसावारी कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

आता कारण कळलं होतं, म्हणून उपाय नेमका झाला. बाळाला ऊब द्यायची, पहिल्या तासात अंगावर पाजायचं, श्वास अडला तर नळी आणि मुखवट्यानं हवा द्यायची, संसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन टोचायचं. हे शेवटचं काम गावच्या बाईनं करायचं म्हटल्यावर डॉक्टर मंडळींकडून आक्षेप आले, आणि ते अगदीच पोकळ नव्हते; चुकीच्या हातातली सुई घातक असतेच. उत्तर युक्तिवादानं मिळालं नाही, नोंदींनी मिळालं. संसर्ग झालेल्या बाळांतली मरणारी १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी कमी भरलं. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’नं छापला.

डॉ. अभय बंगांनी सांगितलेलं एक प्रकरण पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत एक बाळ गेलं आणि त्याच्या मृत्यूची कारणं मागं मागं शोधत जाताना अठरा निघाली. आईचं कुपोषण, घरातला आजार, अंधश्रद्धा, पूर, नसलेला पूल अशी ती साखळी. माझ्या मते तपास म्हणावा तो हा. दाखल्यावर एकच कारण लिहायला जागा असते, आणि पूल बांधणाऱ्या खात्याचं नाव त्या रकान्यात कधी येत नाही.

गडचिरोलीत जे दिसलं ते महाराष्ट्रात इतरत्र किती, हे पाहायला तेरा संस्था एकत्र आल्या आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यात मरणाऱ्या मुलांचा त्यांनी काढलेला अंदाज सरकारी आकड्यांच्या कितीतरी पट होता. वर्तमानपत्रांनी तो उचलला, विधिमंडळात गाजला, मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या त्याला जोडल्या गेल्या. पुढं सरकारनंच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मृत्यू लपवले जातात, हे आता सरकारी समितीच्याच कागदावर आलं.

त्याच सुमारास देशपातळीवर ‘मिलियन डेथ स्टडी’ चालू होती. डॉक्टर नसलेले पाहणीदार घरोघर जाऊन मृत्यूची हकीकत स्थानिक भाषेत लिहून घेत, आणि दोन डॉक्टर ती वेगवेगळी वाचून कारण ठरवत. २०१० मध्ये त्यातून मुलांच्या मृत्यूंचं चित्र प्रसिद्ध झालं, तेव्हा नवजात मृत्यूंपैकी ७८ टक्के तीनच कारणांनी होतात असं दिसलं: अपुरे दिवस आणि कमी वजन, संसर्ग, जन्मतानाची गुदमर आणि इजा. गडचिरोलीच्या चाळीस बाळांच्या मृत्यूंमागं दिसलेली कारणंही हीच होती.

२०११ पासून घरच्या घरी नवजात बालसेवा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे गावच्या आरोग्य कार्यकर्तीनं, आशाताईनं, सहा वेळा जायचं, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. मोबदला २५० रुपये. आशाच्या हाती इंजेक्शन मात्र सर्रास दिलं गेलं नाही. २०१४ मध्ये केंद्रानं बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, म्हणजे प्रत्येक मृत्यूमागं जाऊन विचारणं आता नियमानं आलं. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर हजारी १६ होता. गडचिरोलीच्या १२१ पासून इथवरचं अंतर एकट्या कार्यक्रमानं कापलेलं नाही; रस्ते, लसी, रुग्णवाहिका, शिकलेल्या मुली, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण सोळा ही झाली राज्याची सरासरी. गडचिरोलीतल्या भामरागडात पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद होतो, तेव्हा तिथल्या गरोदर बाईला ती सरासरी काही उपयोगाची नाही.

आणि अन्वेषणाचं काय होतं? परिचारिका घरी जाते, छापील तक्ता भरते, तो तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत आकडा वाचला जातो. ज्या गावातलं लेकरू गेलं त्या गावापर्यंत निष्कर्ष परत येण्याची सोय बळकट नाही. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावानं अभ्यासगट करून जंगल, मध, बांबू यांचा शोध स्वतः घेतला आणि ग्रामसभेत बसून निर्णय केले, हे साऱ्या देशानं पाहिलं. मग बालमृत्यूची कारणं ग्रामसभेपुढं का ठेवली जाऊ नयेत? आईचं नाव घ्यायची गरज नाही. गेल्या वर्षात आपल्या गावात किती बाळं जन्मली, किती गेली, त्यांतली किती संसर्गानं आणि किती गाडी वेळेवर न आल्यानं, एवढं वर्षातून एकदा वाचून दाखवायचं. तक्ते तयारच असतात. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत त्यासाठी एक विषय वाढवावा लागेल.