पन्नास दिवसांचे मंत्रिमंडळ

मंत्री बदलले तरी राज्य चालूच राहते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु मंत्रिमंडळे फार वेगाने येऊ-जाऊ लागली म्हणजे राज्याचा पायाच कसा खचत जातो, याचे एक दारुण उदाहरण पोर्तुगालच्या इतिहासात आहे. त्या काळी गोमंतकाचा कारभार लिस्बनच्या हुकुमाने चालत असल्यामुळे ही हकीकत आमच्या वाचकांना अगदीच परकी वाटू नये.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालची राजसत्ता जाऊन तेथे प्रजासत्ताक आले. नव्या राज्यकर्त्यांनी धर्मसंघांना देशाबाहेर घालविले आणि २० एप्रिल १९११ च्या कायद्याने ख्रिस्तसभा व राज्य यांची फारकत केली. त्याच प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदू बांधवांना बरोबरीचे नागरी हक्क दिले, हेही न्यायाने सांगितलेच पाहिजे. मात्र त्याला स्थैर्य कधी लाभले नाही. उण्यापुऱ्या सोळा वर्षांत ४५ मंत्रिमंडळे झाली. १५ जानेवारी १९२० रोजी नेमलेल्या फेर्नांदिस कोश्ता यांच्या मंत्रिमंडळाने तर त्याच दिवशी माघार घेतली. लोकांनी त्याला ‘पाच मिनिटांचे सरकार’ असे नाव ठेवले.

अशा दिवसांत, ३० ऑगस्ट १९२१ रोजी, आंतोनियो ग्रांजो हे दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. उत्तरेकडील शाविश गावचे हे वकील तरुणपणापासूनचे प्रजासत्ताकवादी. पहिल्या महायुद्धात ते फ्लँडर्सच्या रणभूमीवर प्रत्यक्ष लढले होते. युद्धाने देश कर्जात बुडाला होता, नाण्याची किंमत घसरत होती, आणि लिस्बनमधील पाव स्वस्त ठेवण्यासाठी सरकारी खजिना तोटा सोसत होता. त्यातच राजधानीच्या रक्षणासाठी उभारलेले रिपब्लिकन गार्ड हे सशस्त्र दल स्वतःच राजकारणात उतरले होते. ज्याने दार राखावयाचे त्यानेच घरधन्याला दरडवावे, अशी ती स्थिती होती.

१९ ऑक्टोबर रोजी सकाळी या दलाने व नौसैनिकांनी उठाव केला. आपल्या बाजूने लढावयास पुरेसे बळ नाही हे पाहून ग्रांजो यांनी राजीनामा दिला. अवघ्या पन्नास दिवसांत मंत्रिमंडळ संपले. गोष्ट येथेच थांबती तर अनेक सरकारांपैकी एक पडले, एवढेच इतिहासाने नोंदविले असते.

परंतु सायंकाळी सशस्त्र लोक ग्रांजो यांचा शोध घेऊ लागले. त्यांनी आपले शेजारी कुन्या लियाल यांच्या घरी आश्रय घेतला होता. लियाल हे त्यांच्या पक्षाचे नव्हते. तरीही दारी आलेल्या माणसाला स्वाधीन करण्यास त्यांनी साफ नकार दिला. अखेर, ग्रांजो यांना सुरक्षितपणे युद्धनौकेवर नेऊ असे वचन मिळाले, तेव्हा लियाल स्वतः त्यांच्याबरोबर मोटारलॉरीत बसले. लॉरी गेली ती आरमारी कारखान्यात. तेथे दोघांना अलग करण्यात आले. ग्रांजो यांची निर्दयपणे हत्या झाली. त्यांना वाचवू पाहणारे लियालही गोळी लागून जखमी झाले.

ती लॉरी रात्रभर शहरात फिरत होती. कार्लोस द माया यांना त्यांच्या घरातून ओढून नेऊन ठार केले गेले. प्रजासत्ताकाच्या स्थापनेसाठी १९१० साली ठाण मांडून लढलेले माशादो सान्तोस यांनाही वाटेत गोळ्या घालण्यात आल्या. जे राज्य त्यांनी उभे केले, त्याच्याच शिपायांनी त्यांचा बळी घेतला. पोर्तुगीज लोक या रात्रीला ‘रक्तरंजित रात्र’ म्हणतात.

पुढे लॉरीवरील टोळीचा म्होरक्या आबेल ओलिम्पियो, ऊर्फ ‘सोन्याचा दात’, याला शिक्षा झाली. माया यांच्या विधवा पत्नी बेर्ता द माया तुरुंगात जाऊन त्याला भेटल्या. तुला कोणी पाठविले होते, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्या भेटींची हकीकत त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. परंतु खुनामागचा खरा हात कोणाचा, याचा निर्विवाद उलगडा आजवर झालेला नाही.

उठाववाल्यांनी बसविलेले मंत्रिमंडळही तीन आठवडे टिकले नाही. रोजच्या अस्थिरतेला लोक विटले, आणि २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली तेव्हा प्रजासत्ताकाच्या बचावासाठी फारसे कोणी पुढे आले नाही. १९३२ साली सालाझार पंतप्रधान झाले. शिस्त आली, पण तिच्याबरोबर वृत्तपत्रांवर बंधने आली, गुप्त पोलीस आले. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांचा दर्जाही खाली ओढला. गोव्यातील ती राजवट डिसेंबर १९६१ मध्ये संपली. पोर्तुगालची सुटका व्हावयास २५ एप्रिल १९७४ उजाडावा लागला.

सरकार नकोसे झाले तर ते मताने बदलावे. बंदुकीने बदलण्याची एकदा चटक लागली की बंदूक मग कोणाचेच ऐकत नाही. त्या रात्रीच्या काळोखात आमच्या मनात राहते ते मात्र त्या शेजाऱ्याचे दार. विरोधी पक्षाच्या माणसासाठी ते उघडले गेले, आणि घरधनी त्याच्याबरोबर मृत्यूच्या तोंडापर्यंत चालत गेला.