तीन चमचे आण पाहू!

तीन वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर ‘वन, टू, थ्री’ करत वीसपर्यंत घडाघडा म्हणून दाखवतं. टाळ्या पडतात, आईबाबांचा चेहरा खुलतो. मग कुणीतरी त्याला सांगतं, ‘आत जा आणि तीन चमचे घेऊन ये पाहू!’ मूल उत्साहाने धावतं आणि मूठभर चमचे आणून समोर ओततं.

यात मुलाचं काहीच चुकलेलं नाही. अंकांची नावं ओळीने म्हणणं हे एक कौशल्य आणि ‘तीन’ म्हणजे नेमके किती हे कळणं हे दुसरं. पहिलं पाठांतराने येतं, दुसरं येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास लहान मुलांना ‘या बाहुलीला इतकी खेळणी दे’ असं सांगून हे तपासलं. मुलांना आधी ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. मोजताना शेवटी आलेला अंक म्हणजेच एकूण संख्या, हे बहुतेकांना साडेतीन-चार वर्षांच्या आसपास उमगतं. तोवर वीसपर्यंतचे अंक त्यांच्यासाठी बडबडगीतासारखेच असतात.

ताथवड्यासारख्या भागात हा फरक पालकांनी समजून घेणं विशेष गरजेचं आहे. शेती आणि सरकारी वळू-माता प्रक्षेत्र ही या गावाची जुनी ओळख. २००९ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे राहिले. आई हिंजवडीत, बाबा चाकणच्या पाळीत, मूल सकाळी प्ले-ग्रुपमध्ये आणि दुपारी पाळणाघरात, नाहीतर गावाहून आलेल्या आजीजवळ. ज्या इमारतीत ही कुटुंबं राहतात, त्याच्या शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांची मुलं पत्र्याच्या खोल्यांभोवती वाढतात. मुलासाठी हातात वेळ थोडा, ही दोन्हीकडची अडचण. मग तो वेळ भरून काढायला मोबाइलवरची अक्षरगाणी येतात, महागडी ‘शैक्षणिक’ खेळणी येतात आणि तिसऱ्या वर्षीच एबीसीडी गिरवण्याची वही येते.

मोबाइलपासून मूल काय शिकतं, याचं एक सुंदर उत्तर पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधल्या प्रयोगात आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणाऱ्या बाईंनी बारा वेळा प्रत्यक्ष गप्पा मारल्या, खेळणी दाखवली, पुस्तकं वाचली. या बाळांना चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाने तेच बोलणं तेवढाच वेळ पडद्यावर पाहिलं. त्या बाळांना काहीही आलं नाही. शब्द तेच, आवाज तोच. पण पडद्यावरची बाई बाळाच्या नजरेकडे बघून थांबत नव्हती आणि त्याच्या हुंकाराला उत्तर देत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. गावाकडच्या आजीशी व्हिडिओ कॉल मात्र वेगळा समजावा. ती नातवाचं ऐकते आणि उत्तर देते.

उत्तर मिळणं हाच इथला कळीचा मुद्दा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं गेलं. मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा ‘मूल बोललं, मोठ्याने उत्तर दिलं, मूल पुन्हा बोललं’ अशा देवाणघेवाणी किती झाल्या, याचा मेंदूतल्या भाषाकेंद्राच्या हालचालीशी जास्त संबंध दिसला. घरची मिळकत कितीही असली तरी हे चित्र बदललं नाही. अभ्यास छोटा आहे आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. तरी रोजच्या वागण्यासाठी त्यातून एवढं घेता येतं, की मुलाला सलग सूचना देत राहण्यापेक्षा प्रश्न विचारून थांबावं. छोट्या मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि घाईतली मोठी माणसं तेवढ्यात स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. मनात पाचपर्यंत मोजावं, मग बोलावं.

यासाठी वेगळा वेळ काढायलाच हवा असं नाही. संध्याकाळचं घरकाम पुरतं. पानं घेताना ‘आपण किती जण? मग किती ताटं?’ असं विचारलं, की मुलाला संख्येचा अर्थ हाताने कळतो. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं म्हणजे वर्गीकरणच. डब्याला झाकण शोधताना आकार कळतात. लिफ्टमध्ये ‘आपला मजला कितवा, अजून किती राहिले?’ हे टॉवरमधलं गणित आहे. ‘बादलीत’, ‘बादलीखाली’, ‘बादलीमागे’ हा फरक चिमटे शोधता शोधता पक्का होतो. काम थोडं लांबतं, पीठ सांडतं, हे खरं. तेवढी सूट त्या वयाला द्यावी लागते.

आकडे दहापर्यंत नीट कळले तरी या वयाला पुष्कळ झालं. त्यापुढचे मराठी आकडे तसे अवघडच आहेत. एकोणतीसमध्ये ‘तीस’ ऐकू येतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी सोपी पद्धत सुचवली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या वादात न पडताही घरी पाच बोरं हातावर ठेवून मोजता येतात.

लिहिण्याच्या घाईबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच असतात आणि मग वर्षानुवर्षं एकेक करून टणक होत जातात. शेवटचं हाड टणक व्हायला नऊ ते बारा वर्षं उजाडतात. बोटांचे बारीक स्नायूही हळूहळूच ताब्यात येतात. तीन वर्षांच्या मुलाला रेघेत अक्षर गिरवायला लावलं, की ते पेन्सिल मुठीत आवळतं, लवकर दमतं आणि वहीचा राग करू लागतं. त्याच बोटांना पोळीच्या पिठाचा गोळा मळू द्यावा, मटार सोलू द्यावेत, मोठे मणी ओवू द्यावेत, खडूने फरशीवर हवं ते रेखाटू द्यावं. पेन्सिलीची पूर्वतयारी हीच. एक काळजी घ्यावी. मटार, शेंगदाणे, हरभरे, मणी अशा वस्तू लहान मुलं नाकातोंडात घालतात आणि त्या श्वासनलिकेत अडकू शकतात. म्हणून ही कामं मोठ्यांच्या नजरेसमोरच हवीत.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. दगड, शंख-शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं. अंगणवाडी हा शब्द या प्रयोगातून रुजला.

अशा साध्या खेळांचा परिणाम किती टिकतो? जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८०च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या १२९ बाळांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळावं, बोलावं हे आईला शिकवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या त्यांच्यासारख्याच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. सेविका तासभर येऊन जाई. आठवड्यातला उरलेला सगळा वेळ खेळत होती ती आईच.

ताथवड्यातल्या घरांत आणखी एक शंका असते, ती भाषांची. आजीची मराठी, मावशींची हिंदी, शाळेची इंग्रजी. एवढ्या भाषांनी मूल उशिरा बोलेल का? अनेक भाषांमुळे वाचादोष निर्माण होत नाही. मुलाने एका वाक्यात दोन भाषा मिसळल्या तरी काळजी नको. घरच्यांनी स्वतःची मोडकी इंग्रजी वापरण्यापेक्षा ज्या भाषेत मनमोकळं बोलता येतं, तीच बोलावी.

पण ‘त्याचे बाबाही उशिराच बोलले होते’ म्हणून वाट बघत राहणं धोक्याचं आहे. वर्षाचं होईस्तोवर बडबड नाही किंवा बोट दाखवणं नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. लसीकरणाच्या वेळी मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे हे टप्पे छापलेले असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मोफत तपासणी करतात, आणि खासगी प्ले-ग्रुपमध्ये जाणाऱ्या मुलांच्या घरी हे अनेकदा माहीतच नसतं. बोलायला उशीर करणाऱ्या मुलाची सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्यावी, ते मोठा आवाज ऐकून दचकत असलं तरीही.