लठ्ठ मांजराचे पथ्य

घरातील मांजर चांगले गुबगुबीत झाले म्हणजे घरच्या माणसांस मोठी धन्यता वाटते. घर खाऊनपिऊन सुखी असल्याची ती जणू चालतीबोलती साक्षच! आलागेला पाहुणा त्याला उचलून पाहतो, "अबब, काय हे वजन!" म्हणून कौतुक करतो, आणि ते कौतुक ऐकून घरची बाई माशाचा आणखी एक तुकडा त्याच्यापुढे टाकते. परंतु पूर्वी एका उडीत कपाटाच्या माथ्यावर जाणारे हेच जनावर आता खुर्चीवर चढावयाचे तरी दोनदा विचार करते, पाठीच्या मागील भागास जीभ पोहोचत नाही म्हणून तेथील केसांच्या गाठी होतात, आणि दिवसातील बहुतेक वेळ ते निजून काढते, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. लठ्ठ मांजरास मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो. सांधे दुखू लागतात, आणि मांजराची जात अशी सोशिक की ते दुखणे ती कळू देत नाही.

मांजर खरोखरच लठ्ठ आहे की नुसते केसाळ, हे डोळ्यांपेक्षा हातांनी अधिक चांगले कळते. आपल्या उताण्या नव्हे, तर पालथ्या हातावर दुसऱ्या हाताची बोटे फिरवून पाहावी. पातळ कातडीखाली हाडे लागतात. निरोगी मांजराच्या बरगड्या बोटांना तशाच लागाव्यात. त्या शोधण्यासाठी दाबावे लागत असेल, तर चरबी वाढली आहे असे समजावे. वरून पाहिले असता बरगड्यांच्या मागे कंबर किंचित आत गेलेली दिसली पाहिजे. पोटाखाली लोंबणारी कातडीची झोळी मात्र पुष्कळ सडपातळ मांजरांनाही असते. तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. आपल्याकडील गावठी मांजराचे वजन बहुधा ३ ते ५ किलोच्या दरम्यान असते. घरी वजनकाटा नसला तर वाण्याच्या दुकानातील काटा चालतो. मांजर टोपलीत घालून न्यावे, आणि नंतर रिकाम्या टोपलीचे वजन वजा करावे. वाणी हसेल, हसू द्यावे.

आमच्या वस्तीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, मुले परगावी, आणि घरात सोबतीला बाळू नावाचा एक बोका. बाळूचे वजन ६ किलो २०० ग्रॅम भरले, तेव्हा त्या त्याला पशुवैद्याकडे घेऊन गेल्या. तेथील संभाषण त्यांनीच आम्हांस सांगितले.

"मावशी, हा दिवसभरात खातो तरी काय?"

"काही म्हणजे काही नाही हो, डॉक्टर! चिमणीएवढा खातो."

डॉक्टरांनी मग एक कागद पुढे केला आणि आठ दिवस जे जे त्याच्या तोंडी जाईल ते ते लिहून आणावयास सांगितले. आठ दिवसांनी कागद दोन्ही बाजूंनी भरला होता! सकाळी वाटीभर म्हशीचे दूध, त्यात कुस्करलेली दोन ग्लुकोज बिस्किटे. रविवारी मिस्सेहून परतताना शेजारीण पाव आणते, त्यातला लचका. दुपारी मासळीची डोकी आणि कालवणातला भात. शाळेतून येणाऱ्या मुलांकडून चिवड्यातले शेंगदाणे सुद्धा. आणि या सर्वांच्या जोडीला तयार कोरड्या खाद्याचे दाणे, ज्यांची थाळी दिवसरात्र भरलेलीच. प्रत्येकाने थोडेसेच दिले होते. ते थोडेसे देणारे पाच जण होते, एवढेच.

येथे थोडा हिशेब केला पाहिजे. घरात राहणाऱ्या, खच्चीकरण झालेल्या ४ किलोच्या मांजरास दिवसाकाठी सुमारे २०० ते २४० उष्मांक पुरतात. निसर्गात एका उंदरापासून त्याला जवळपास ३० उष्मांक मिळतात. म्हणजे सातआठ उंदीर झाले की दिवसाचे जेवण झाले. आता बाळूची न्याहारी पाहा. दीडशे मिलिलिटर म्हशीच्या दुधाचे दीडशेच्या आसपास उष्मांक आणि दोन बिस्किटांचे पन्नास. सकाळी आठ वाजताच सगळा दिवस संपला! शिवाय बहुतेक वाढलेल्या मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही. मांजर आणि दूध यांची सांगड चित्रांतून व गोष्टींतून आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की दूध बंद करा म्हटल्यावर निष्ठुरपणा केल्यासारखे वाटते. त्याला तहानेसाठी स्वच्छ पाणीच हवे असते.

खच्चीकरणाने मांजर लठ्ठ होते, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्या शस्त्रक्रियेनंतर शरीराची अन्नाची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, हे खरे; पण म्हणून शस्त्रक्रियेस दोष देणे बरोबर नाही. त्या दिवसापासून वाटी लहान करावयाची असते, ती कोणी करीत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मांजर लठ्ठ झाले असे ध्यानात आले की काही उत्साही माणसे त्याचे खाणे एकदम तोडतात. दोन दिवस उपाशी ठेवले की उतरेल, असा त्यांचा हिशेब असतो. आपल्या प्रायश्चित्तकाळातील उपवास आपल्याला हितकर असेल. मांजरास तो घडविणे प्राणघातक आहे, आणि लठ्ठ मांजरास तर विशेषच. अन्न बंद झाले की शरीर साठवलेली चरबी यकृताकडे धाडू लागते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी एकाच वेळी हाताळता येत नाही. ती तेथेच साचते आणि यकृताचे काम बंद पडू लागते. दोनतीन दिवसांच्या उपाशीपणानेही याची सुरुवात होऊ शकते. मांजर मलूल होते, ओकते, लाळ गाळते, आणि कानांची आतली बाजू, हिरड्या व डोळे पिवळे दिसू लागतात. उपचार वेळेवर न झाल्यास ते दगावते. म्हणून नव्या खाण्यावर रुसून मांजर एक सबंध दिवस उपाशी राहिले, तर हट्टाला पेटू नये. जुने खाणे पुढे ठेवावे, आणि तेही नाकारले तर पशुवैद्याकडे जावे. नवे खाणे सुरू करावयाचे तेही जुन्यात थोडे थोडे मिसळून, आठदहा दिवसांच्या बेताने. वजन आठवड्याला शेकडा अर्धा ते एक या प्रमाणात उतरावे. शेकडा दोनहून अधिक कधीही नाही. बाळूच्या बाबतीत याचा अर्थ आठवड्याला ३० ते ६० ग्रॅम. हे काम महिन्यांचे आहे.

दुसरी चूक याच्या अगदी उलट दिशेची. मांस महाग, म्हणून ते बंद करून भात-भाकरीवर मांजर बारीक करू पाहणारी घरेही आहेत. मांजर हे पक्के मांसाहारी जनावर आहे. मांसात टॉरीन नावाचा एक पदार्थ असतो; तो मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा निकामी होतो, हे १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिले, आणि त्याच्याच अभावी हृदयही कमजोर होऊन फुगते, हे १९८७ साली उघडकीस आले. त्यानंतर तयार खाद्यांत टॉरीनचे प्रमाण वाढविण्यात आले. जाता जाता आणखी एक गंमत सांगतो: मांजराला गोडाची चवच कळत नाही, असे २००५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांना आढळले, ती चव ओळखणारा एक जनुक मांजरजातीत निकामी झालेला आहे. तेव्हा बिस्किटावरील त्याचे प्रेम हे साखरेवरील प्रेम नव्हे.

मग थोडक्या पैशांत काय करावे? आमचे मत विचाराल तर पहिला खर्च एका लहानशा स्वयंपाकघरातील काट्याचा करावा. तो पुढे स्वतःची किंमत भरून काढतो. तयार कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० उष्मांक असतात. नेमका आकडा पुष्कळदा पिशवीवर छापलेला असतो. सदैव भरलेल्या थाळीतून रोज ९० ग्रॅम दाणे संपत असतील, तर महिन्याला २ किलो ७०० ग्रॅम लागतात. तेच ४५ ग्रॅमवर आणले की निम्मी पिशवी शिल्लक राहते. वजन उतरविण्यासाठी म्हणून जे खास खाद्य मिळते ते महाग असते, आणि ते सर्वांनाच लागते असे नाही. त्याचा खरा उपयोग एवढाच की थोड्या उष्मांकांत प्रथिने व जीवनसत्त्वे पूर्ण मिळतात. साध्या खाद्यात फारच मोठी काटछाट करावी लागणार असेल, तर मात्र ही पोषके कमी पडू शकतात. तेथे पशुवैद्याचा सल्ला घेतलेला बरा.

बाळूला डॉक्टरांनी ठरवून दिले ते असे: ३५ ग्रॅम कोरडे दाणे आणि ३० ग्रॅम उकडलेली कोंबडी, मिळून १८० उष्मांकांच्या आत. कोंबडीच्या दुकानात हृदये स्वस्त मिळतात आणि त्यांत टॉरीन भरपूर असते. ती थोड्याच पाण्यात उकडावीत व ते पाणीही खाण्यात घालावे, कारण टॉरीन पाण्यात उतरते. कलेजी आठवड्यातून एकदा, बोटाच्या पेराएवढी. अति झाल्यास तिच्यातील 'अ' जीवनसत्त्व हाडांना बाधते. मासळी आठवड्यातून दोनदा पुरे. तारली स्वस्त आणि चांगली. पण ती शिजवून, काटे काढून द्यावी. काही जातींच्या कच्च्या माशांत 'ब१' जीवनसत्त्वाचा नाश करणारा पदार्थ असतो, आणि नुसत्या तेलकट मासळीवर वाढलेल्या मांजरास चरबीचा दाह जडतो. कालवणातला तुकडा देऊच नये, कारण कांदा व लसूण मांजराच्या रक्तपेशींचा नाश करतात. सुकी खारवलेली मासळीही वर्ज्य. आणि नुसत्या घरच्या उकडलेल्या मांसावरही मांजर ठेवू नये. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो. तयार खाद्य निम्म्याहून अधिक असावे.

परंतु हिशेब कागदावर सोपा. घर चालते माणसांनी. मावशींनी त्यावर जी युक्ती काढली ती आम्हांला फार आवडली. सकाळीच सबंध दिवसाचे दाणे मोजून त्या एका स्टीलच्या डबीत भरतात. ज्या कोणास बाळूचे लाड करावयाचे असतील त्याने त्या डबीतून करावेत. डबी रिकामी झाली की लाड उद्या. मुलांना एकेक दाणा लांब फेकण्यात बिस्किटापेक्षा अधिक मजा वाटू लागली, आणि बोक्याला त्यासाठी धावावे लागले. पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये दाणे टाकून ठेवले, तर ते पंजाने काढता काढता पाच मिनिटांचे जेवण वीस मिनिटे चालते. मांसाचा भाग मावशी स्वतःच्या हाताने, झोपण्यापूर्वी भरवितात. पहाटे चार वाजता दाराशी बसून चाललेला त्याचा आक्रोश त्यामुळेच थांबला. पूर्वी त्या आक्रोशापुढे हार खाऊन त्या उठत आणि थाळी भरीत.

घरात दोन मांजरे असल्यास मात्र कसोटी लागते. लिमा शहरातील संत मार्टिन द पोरेस, ज्यांस १९६२ साली संतपद देण्यात आले, त्यांच्या चित्रांत कुत्रा, मांजर व उंदीर एकाच थाळीत जेवताना दिसतात. आपल्या घरांत थाळ्या वेगळ्याच ठेवाव्यात, आणि बारीक मांजराची थाळी अशा उंचीवर, जेथे जाड्याला चढता येणार नाही. जाड्याला चढता येऊ लागले, म्हणजे पथ्य लागू पडले!

संत फ्रान्सिस झेवियरच्या सणापासून, म्हणजे ३ डिसेंबरपासून, बाळूचे पथ्य सुरू झाले. दर रविवारचे वजन मावशी दिनदर्शिकेवर लिहीत. मध्ये तीन आठवडे काटा हललाच नाही. चौकशी केली तेव्हा कळले की नाताळानंतर शेजारच्या आजीबाई खिडकीतून दोदोलचे तुकडे देत होत्या. त्यांनाही डबी दाखविण्यात आली. १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, वजन ४ किलो ९०० ग्रॅम भरले. डॉक्टरांनी आता दाणे ४० ग्रॅमवर नेले आहेत आणि वजन महिन्यातून एकदा केले तरी चालेल असे सांगितले आहे. खाणे नेहमीसारखे चालू असून वजन आपोआप घसरू लागले, किंवा पाणी पिणे फार वाढले, तर ते पथ्याचे यश न समजता मांजर ताबडतोब दाखवावयास आणावे, अशी ताकीदही त्यांनी दिली आहे. ती मावशींनी डबीच्या झाकणावर चिकटवून ठेवली आहे.