ढोलीतलं बाळंतपण

या रे, बसा जवळ. तेक्कडीला पेरियारच्या तळ्यात होडीतून फिरताना पाण्यात उभे असलेले वाळके बुंधे पाहिलेत ना, पाणकावळे बसले होते ते? १८९५ साली मुल्लपेरियारचं धरण झालं, खोरं बुडालं आणि झाडं जागच्या जागी उभीच राहिली. पण गोष्ट आहे ती जिवंत झाडाची.

तिथल्या वाटाड्यांपैकी काहीजण पूर्वी याच जंगलातून वयनाची, म्हणजे रानदालचिनीची, साल चोरून न्यायचे. झाडन् झाड पाठ असलेल्या या माणसांनाच पुढे राखणीला लावलं. हे शहाणपण मला फार आवडलं.

आपल्या वाटाड्याने खूण केली आणि वरून फास-फास आवाज आला, आठवतं? हा पिंट्या ओरडला, "हेलिकॉप्टर!" तो होता राजधनेश, केरळचा राज्यपक्षी. त्याच्या पंखांतल्या मोठ्या पिसांची मुळं खालून झाकलेली नसतात. त्या फटींतून हवा घुसते, म्हणून एवढा गाजावाजा.

विणीच्या दिवसांत याची मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. गवंडी तीच. चुना कसला, तर स्वतःची विष्ठा आणि फळांचा चोथा. नाकं मुरडू नका! वाळल्यावर ते असं टणक होतं की चोरट्यांची डाळ शिजत नाही. चोचीपुरती फट तेवढी उरते. नर उंबर-वडाची फळं गळ्यात भरून आणतो, एकेक वर काढून तिला भरवतो. अंडी एक किंवा दोन. उबवायला ३८ ते ४० दिवस. त्यातच तिची उडायची पिसं गळून पडतात.

"आणि नराला कुणी मारलं तर?"

बरोबर विचारलंस, चिमे. पिसं नसलेली आई जाणार कुठे? एका गोळीत सगळं घर उपाशी.

सगळं सुरळीत झालं, तर पिल्लू जरा मोठं झाल्यावर आई भिंत फोडून बाहेर येते. तोवर नवी पिसं आलेली असतात. मग दोघंही चारा आणायला लागतात. पण दार तर उघडं पडलं ना? तर ते पिल्लू, ज्याने अजून एकदाही बाहेर पाऊल टाकलेलं नाही, आतल्या आत चोच चालवतं आणि भिंत पुन्हा लिंपून घेतं.